पडदा बोलू लागला

संगणकाचा पडदा ही डोळ्यांनी पाहण्याची वस्तू आहे, ह्याबद्दल कुणाचे दुमत होण्याचे कारण नाही. तेव्हा ज्याला मुळीच दिसत नाही अशा माणसाने दिवसाचे चार-पाच तास त्या पडद्यापुढे बसून काढावेत, पत्रे लिहावीत, बँकेचा हिशेब पाहावा, वर्तमानपत्र वाचावे, आणि घरच्यांपैकी कुणी पडदा मालवून टाकला तरी त्याच्या कामात तिळमात्र खंड पडू नये, हे ऐकल्यावर मी थट्टा करतो आहे असे पुष्कळांना वाटते. वाचकहो, ही थट्टा नाही. हा लेखसुद्धा मी त्याच रीतीने लिहिला आहे. दिवा लावायची गरज नसल्यामुळे रात्री अकराला लिहायला बसलो तरी घरात कुणाची झोपमोड होत नाही, एवढा एक फायदा मात्र डोळस लेखकांपेक्षा मला जास्त आहे.

माझ्याविषयी थोडक्यात सांगून टाकतो. मी एका कचेरीत हिशेब-तपासनीस होतो. काचबिंदूने आधी कडेकडेची नजर गेली, मग मधली, आणि निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना दोन्ही डोळ्यांचा कारभार आटोपला. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही. जी उरली असेल ती औषधाने राखता येते. घराण्यात कुणाला हा विकार असेल तर बाकीच्यांनी चाळिशी उलटताच डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा, हे जाता जाता सांगून ठेवतो.

दिसेनासे झाल्यावर सर्वांत जास्त काय खुपले असेल? लोकांना वाटते, रस्ता ओलांडणे. ते काठीने आणि कुणाच्या तरी कोपराला धरून साधते. मला खुपले ते निराळेच. माझी पत्रे दुसरे वाचू लागले. बँकेचा कागद मुलगा वाची, विम्याचा सून वाची. एका जुन्या मित्राने आपले मुलाशी कसे बिनसले ते मला मन मोकळे करून लिहिले होते. ते पत्र आमच्या सौभाग्यवतींनी भर बैठकीत, भाजी निवडता निवडता, मोठ्याने वाचले. त्यांचा काय दोष? पण मित्राने ते मला लिहिले होते, साऱ्या घराला नव्हे. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला स्वतःचे म्हणून एकही गुपित उरू नये, ही अवस्था ज्याची त्यालाच कळते.

ह्या अवस्थेतून मला बाहेर काढले ते एका प्रोग्रॅमने. त्या जातीच्या प्रोग्रॅमना स्क्रीन रीडर म्हणतात. पडद्यावर जे असते ते हा बोलून दाखवतो. पण तो ‘पाहतो’ आणि वाचतो अशी जी सार्वत्रिक समजूत आहे ती बरोबर नाही. पडद्यावरची प्रत्येक वस्तू, मग ते बटण असो, चौकट असो की मजकुराची ओळ असो, तिची नोंद संगणकाच्या आत असते: नाव काय, जात कोणती, आणि ह्या क्षणी स्थिती काय. डोळसांना त्या नोंदीचे चित्र दिसते. मला ती नोंदच ऐकू येते. ‘पाठवा, बटण.’ ‘अटी मान्य, चौकट, खूण केलेली नाही.’ नाटकाला आलेले प्रेक्षक नेपथ्य पाहतात आणि मी विंगेत उभा राहून नेपथ्यकाराची यादी ऐकतो, असे म्हणा ना. आता एखाद्या आळशी माणसाने बटणावर सुरेख चित्र काढले आणि यादीत नाव लिहायचेच राहिले, तर मला नुसते ‘बटण’ एवढेच ऐकू येते. एकाखाली एक सहा बिननावाची बटणे असली म्हणजे अंधाऱ्या फडताळात सहा बिनचिठ्ठीच्या बरण्या हाताला लागाव्यात तशी गत होते. त्यातल्या कोणत्या बटणाने पैसे जातात आणि कोणत्याने राहतात हे उघडूनच पाहावे लागते.

हा प्रकार आजचा नव्हे. आय.बी.एम. कंपनीत जिम थॅचर नावाचे गणिती होते. त्यांनी जेसी राइट ह्या आपल्या अंध सहकाऱ्याच्या साह्याने १९८० नंतरच्या दशकात असा एक प्रोग्रॅम रचला. त्या काळचा पडदा म्हणजे ऐंशी अक्षरांच्या पंचवीस ओळी, चित्र औषधालाही नाही. अक्षरे उचलायची आणि बोलून दाखवायची, संपले. त्याच सुमारास अमेरिकेत टेड हेंटर हे गृहस्थ ह्याच कामाला लागले. ते मोटारसायकलच्या शर्यती मारणारे; १९७८ साली मोटार-अपघातात डोळे गेले. १९८७ साली बिल जॉइस ह्यांच्याबरोबर त्यांनी कंपनी काढली आणि ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर तयार केला. पुढे विंडोज आले आणि पडदा अक्षरांचा न राहता चित्रांचा झाला. अंधांच्या हातात आलेले काम पुन्हा निसटते की काय अशी ती वेळ होती. जॉज त्यातूनही तरला, आजही तो कचेऱ्यांतून चालतो, आणि उत्तम चालतो. पण त्याची किंमत आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घराला झेपणारी नाही.

माझ्या वाट्याला आला तो ‘एनव्हीडीए’. ह्याची हकीगत मला फार आवडते. मायकेल करन आणि जेम्स टेह हे दोघे ऑस्ट्रेलियन, दोघेही अंध. लहानपणी अंध मुलांच्या एका संगीत-शिबिरात त्यांची गाठ पडली. मोठेपणी करन ह्यांच्या मनाने घेतले की, डोळस माणसाला संगणकाचा पडदा वापरण्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, तर अंधाला का पडावेत? २००६ साली त्यांनी स्वतःच लिहायला सुरुवात केली, टेह येऊन मिळाले, आणि २००७ साली दोघांनी धर्मादाय संस्था उभी केली. प्रोग्रॅम फुकट, इतकेच नव्हे तर त्याची सारी आतली रचना जगापुढे उघडी, ज्याला येते त्याने सुधारावी. देशोदेशींच्या लोकांनी आपापल्या भाषेत त्याची भाषांतरे केली. ती पन्नासाहून अधिक भाषांत आहेत. एका लहानशा पेन ड्राइव्हवर घालून तो खिशात नेता येतो आणि परक्या संगणकावर काहीही न बसवता चालवता येतो. माझ्या खिशात रुमाल, किल्ल्या आणि तो, अशा तीन वस्तू कायम असतात.

मी जिथे शिकलो ती संस्था छोटीशी होती. आम्हाला शिकवणारा मुलगा पंचविशीचा, जन्मांध. पहिल्या दिवशी त्याने आपला संगणक सुरू केला तेव्हा मला वाटले, कढईत मोहरी तडतडते आहे. “काका, हे वाचन चाललंय,” तो म्हणाला. सरावलेले लोक आवाजाचा वेग इतका चढवतात की नवख्याला एक अक्षर उमगत नाही. मी अजून त्या वेगापर्यंत पोचलो नाही आणि पोचायची हौसही नाही. पण सुरुवातीच्या दुप्पट वेगाने आता आरामात ऐकतो.

माउसचे काम मला नाही. सारा कारभार कळफलकावर. इन्सर्ट ही कळ माझी मुख्य. ती दाबून खालचा बाण दाबला की मजकूर सलग वाचला जातो. इंटरनेटच्या पानावर एच दाबले की पुढचा मथळा, के दाबले की पुढचा दुवा, टी दाबले की तक्ता. डोळस माणूस वर्तमानपत्र उघडल्यावर आधी मथळ्यांवरून नजर फिरवतो आणि मग हवे तिथे थांबतो. मी एचवर बोट ठेवून तेच करतो. मात्र त्या पानाच्या कर्त्याने मथळ्याला मथळा म्हटलेले पाहिजे. नुसती अक्षरे ठळक केली तर डोळ्यांना तो मथळा दिसतो आणि मला तो इतर ओळींसारखाच ऐकू येतो.

काही गोष्टी तो शब्दांनी सांगतच नाही. एखादी फाइल उतरत असली की टुं-टुं आवाज येतो आणि काम पुढे सरकेल तसा तो सूर चढत जातो. सतारीची तार पिळावी तसा. शेवटच्या सुराला मी खुर्चीत सावरून बसतो. आमची नात दुसऱ्या खोलीतून ओरडते, “आजोबा, झालं वाटतं तुमचं!”

आता अलीकडच्या सुधारणांकडे वळतो, कारण ह्या प्रोग्रॅमची खरी मौज तिथेच आहे. वर्षातून काही वेळा नवी आवृत्ती निघते आणि तिला त्या वर्षाचाच आकडा देतात. नव्या आवृत्तीची मी दिवाळी अंकासारखी वाट पाहतो. सगळ्याच सुधारणा सांगत बसलो तर संपादक कात्री लावतील, म्हणून माझ्या संसारात ज्यांनी फरक पाडला त्यांच्यापुरतेच बोलतो.

२०१७.३ ह्या आवृत्तीत चित्ररूप मजकूर ओळखण्याची सोय आली. कुणी कागदाचा फोटो काढून पाठवला तर स्क्रीन रीडरला ते एक मुके चित्र असते. आता इन्सर्ट आणि आर दाबले की त्यातली अक्षरे ओळखून वाचली जातात. इंग्रजी छापील मजकुरावर ही सोय चांगली चालते. मराठी पानासाठी मी फोनच्या कॅमेऱ्याची मदत घेतो.

२०१९.३ मध्ये ‘पडद्यावरचा पडदा’ आला. तो ओढला की संगणक चालू राहतो, माझ्या कानात वाचन चालू राहते, पण डोळसांना काळोखापलीकडे काही दिसत नाही. ऐकणाऱ्याला ही चैन वाटेल. पण आगगाडीत लॅपटॉप उघडून बसलो असताना शेजारचे गृहस्थ आपले पत्र वाचताहेत की नाही हे ज्याला कळायला मार्ग नाही, त्याला विचारा. एकदा पुण्याच्या गाडीत तो पडदा ओढून मी काम करीत होतो. एक सज्जन दयेने म्हणाले, “अहो काका, तुमचा संगणक बंद पडलाय!” मी म्हटले, “हो, तुमच्यासाठी.” हे उत्तर जरा खवचट झाले खरे, परंतु त्या दिवशी मला जो आनंद झाला तो लपवण्यात अर्थ नाही.

२०२३.२ पासून जोडण्यांचे भांडारच प्रोग्रॅमच्या पोटात आले. जगभरच्या हौशी लोकांनी लिहिलेले छोटे छोटे जोडप्रोग्रॅम तिथून निवडून घेता येतात. २०२४.१ मध्ये ‘विचारल्यावाचून बोलू नकोस’ असे सांगण्याची सोय झाली. अशी सोय माणसांतही असती तर पुष्कळ संसार सुखाचे झाले असते! २०२४.२ मधली सुधारणा मला सर्वांत जास्त आवडली. पूर्वी संगणकावरून सभा चालू असली की वक्त्याचा आवाज आणि स्क्रीन रीडरचा आवाज एकमेकांत मिसळून भाजीबाजार होई. आता स्क्रीन रीडर डाव्या कानात आणि बाकीची दुनिया उजव्या कानात अशी वाटणी करता येते. आमच्या गृहनिर्माण संस्थेची सभा मी अशीच ऐकली. उजव्या कानात चिटणीस ताळेबंद सांगत होते, डाव्या कानात तोच ताळेबंद मी आकड्यानिशी तपासत होतो. शेवटी पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीवर मी दोन प्रश्न विचारले. त्यांची उत्तरे अजून यायची आहेत.

चित्रांचे वर्णन करणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आता ह्या मैदानात उतरली आहे. जॉजने २०२४ साली ती आपल्यात घेतली. एनव्हीडीएला जोडण्यांतून मिळते. मुलाने पाठवलेल्या फोटोवर मी ती चालवली तर तिने सांगितले: दारात आकाशकंदील, खाली रांगोळी, एक लहान मुलगी हातात फुलबाजी घेऊन उभी. पाच वर्षांनी मी माझ्या घराचा फोटो ‘पाहिला’. मात्र ही बाई आत्मविश्वासाने चुकीचेही सांगते. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी किंवा पैशाचा आकडा तिच्या भरवशावर सोडू नये, असे माझे हिशेब-तपासनिसाचे मत आहे.

आता आपल्या मराठीचे काय? हा प्रश्न मला सर्वांत अगत्याचा वाटतो. एनव्हीडीएबरोबर जो आवाज येतो त्याचे मूळ जोनाथन डडिंग्टन ह्यांनी १९९५ साली एका छोट्या संगणकासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमात आहे. तो मराठीही बोलतो. उच्चार पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पण कळतो, आणि वेग वाढवला तरी फाटत नाही. घोटाळा होतो तो आपल्याच भाषेच्या लकबीने. ‘चार’ आणि ‘चारा’ ह्यांत लिहिताना च एकच, बोलताना दोन. ‘जग’ म्हणजे दुनिया निराळे, आणि ‘सुखाने जग’ ह्यातले जग निराळे. मराठी आई पोराला हे नकळत शिकवते. यंत्राला नियम पाहिजे आणि नियम तर सरळ सांगता येत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच. ‘कि’ लिहिले की ‘की’, हे कानाला दर वेळी उमगत नाही. शंका आली की एकेक अक्षर सुटे करून ऐकावे लागते. ह्या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ मी तसेच तपासले आहेत.

पण उच्चार राहू द्या, तो सवयीने सोसतो. खरी अडचण आहे ती जुन्या टंकांची. पूर्वी मराठी छापण्यासाठी जे टंक बनवले गेले त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे नुसते आकार बसवलेले असत. डोळ्यांना मराठी दिसते, पण आत नोंद इंग्रजीचीच. युनिकोड आल्यावर, म्हणजे १९९१ पासून, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःची जागा मिळाली. तसे लिहिलेले सगळे मला वाचता येते. तरी अजून कचेऱ्यांतून, छापखान्यांतून, शाळांच्या परिपत्रकांतून जुने टंक चालूच आहेत. अशी फाइल उघडली की स्क्रीन रीडर अत्यंत गंभीरपणे इंग्रजी अक्षरांची भेळ वाचून दाखवतो. तुमची सूचना, तुमचे निमंत्रण, तुमची कविता माझ्यापर्यंत तशी पोचते. त्याहून वाईट म्हणजे कागदाचा तिरपा फोटो काढून ‘पीडीएफ’ करून धाडणे. आपल्या सोसायटीची, मंडळाची, शाळेची पत्रे तुम्ही लिहीत असाल तर ती युनिकोडमध्ये टंकून पाठवा. खर्च शून्य आहे.

बँकेचा अनुभव सांगितल्यावाचून हे प्रकरण पुरे होणार नाही. एका बँकेत मला ठेवीचे खाते संगणकावरून उघडायचे होते. नाव, पत्ता, आकडे सर्व मी स्वतः भरले. शेवटी आदेश आला: कॅमेऱ्यापुढे चेहरा धरा आणि डोळे मिचकावा. माझ्या पापण्या मिटतात, उघडतात. पण चेहरा चौकटीच्या मध्यावर आहे की नाही हे पडदा बोलून सांगत नव्हता. तीनदा वेळ संपली. दूरध्वनी केला तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, “सर, घरातल्या कुणाला तरी सोबत घ्या ना.” म्हणजे पुन्हा माझी ठेव किती हे घरातल्या कुणाला तरी सांगून! मी खाते उघडले नाही.

हे दुखणे माझ्या एकट्याचे नव्हते. ॲसिड-हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींनी आणि एका दृष्टिहीन अर्जदाराने ह्याच गोष्टीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती आर. महादेवन ह्यांनी निकाल दिला की, संगणकीय सोयींपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. ओळख पटवण्याची पद्धत अपंगांना वापरता येईल अशी करावी म्हणून त्यांनी वीस निर्देशही दिले. तो निकाल मी स्वतः, माझ्या कानांनी, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. दुपारी सुरू केला तो दिवेलागणी झाली. सौभाग्यवती चहा ठेवून गेल्या तो गार झाला.

राहिली २०२५.१ ही आवृत्ती. हिच्यात दूरवरचा संगणक चालवण्याची सोय मुळातच घालून दिली आहे. २०१५ पासून ती सुट्या जोडणीच्या रूपात मिळत असे. आता वेगळे काही आणावे लागत नाही. दोन्हीकडे एनव्हीडीए पाहिजे, एकाने दुसऱ्याला परवलीची किल्ली सांगायची, की इथल्या कळा तिथे चालतात आणि तिथला आवाज इथे ऐकू येतो.

सांगलीला आमच्या थोरल्या वहिनी असतात. मधुमेहाने त्यांची नजर गेल्या वर्षी गेली. त्या शाळेत मराठी शिकवीत. शुद्धलेखनाच्या बाबतीत आमच्या घराण्याला त्यांचा धाक. पुतण्याने त्यांना संगणक आणून दिला, पण शिकवायला त्याला वेळ नाही आणि त्या गावात मला जाणे जमत नाही. म्हणून रोज संध्याकाळी पाच वाजता मी मुंबईहून त्यांच्या संगणकात शिरतो. दोघांनाही पडदा दिसत नाही, आणि त्यामुळे काही अडतही नाही. पहिले आठ दिवस, “भावोजी, ह्या वयात हे काय माझ्या मागे लावलंत!” एवढेच चालले होते. नंतर अक्षरे बसली, मग बाण, मग शब्द.

परवा मी त्यांच्या संगणकात शिरलो तेव्हा एक पत्र अर्धे लिहिलेले होते. माझ्या कानात पहिली ओळ सुरू झाली, तोच वहिनींनी फोनवरून मला थांबवले. “भावोजी, ते वाचू नका. ते माझ्या मैत्रिणीला आहे.”

मी जोडणी सोडली आणि साडेपाचला पुन्हा येतो म्हणून सांगितले.